रामस्वरूपचा एकही खाडा नाही

बायकोला गाडीत बसवायला आलेला नवरा साधारणपणे डब्यात चढतो, पेटी बाकाखाली सरकवतो आणि गाडी हलायच्या आत खाली उतरतो. आमचा रामस्वरूप लातूर स्टेशनच्या फलाटावरूनच पेटी एखाद्या अनोळखी प्रवाशाच्या हाती देतो आणि दोन पावलं मागे सरतो. डब्याच्या पायरीला पाय लावत नाही. "सुटली तर?" म्हणतो. अजून इंजिनही लागलेलं नाही, हे मी त्याला एकदा दाखवलं, तर म्हणाला, "भरवसा न्हाई, आप्पा."

तहसील कचेरीसमोर माझं दाखल्यांचे अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. रामस्वरूप राहतो माझ्याच गल्लीत, पत्र्याच्या दोन खोल्यांत. मूळचा बिहारचा. डाळ मिलमध्ये चाळणीवर असतो. आला तेव्हा बायको आणि पाच वर्षांची सुमन बरोबर होती. मराठी मिलमध्येच शिकला, त्यामुळे बोलतो आमच्याहून अस्सल. फक्त डाळ कधी 'ती' असते, कधी 'तो'.

तर हा माणूस बारा वर्षांत लातूर शहराबाहेर गेला नाही आणि पोरीलाही जाऊ दिलं नाही. बायको दर दोन वर्षांनी एकटी गावाकडे जाऊन यायची. मिलमालकाच्या पोराचं लग्न मुरुडला होतं, सगळे कामगार टेम्पोत बसून जेवायला निघाले. रामस्वरूप नवा सदरा घालून बसलाही. शहराचा शेवटचा पेट्रोलपंप दिसला तसा त्यानं टेम्पोच्या टपावर थापा मारल्या, उतरला आणि चालत घरी आला. मुरुड लातूर तालुक्यातच येतं, असं मी त्याला नकाशावर दाखवलं. "नकाशाचं काय घेऊन बसलाव," म्हणाला. "शहर सुटलं म्हंजी सुटलं."

सुमनच्या शाळेची सहल निघाली की सुमनला हमखास ताप यायचा. त्या दिवशी बापलेक गोलाईच्या गोल बाजाराला तीन चकरा मारायचे, गुडदाणी खायचे आणि झाली सहल.

पण खरा कहर मे महिन्यात. शाळेला सुट्टी, आणि हा रोज सकाळी पोरीला दप्तरासकट फाटकापाशी उभं करायचा. वॉचमनला म्हणायचा, "बघून ठिवा मामा, हितंच हाय ही." एकदा थेट हेडमास्तरांकडे गेला आणि उन्हाळ्याची हजेरी कोण मांडणार, असं विचारू लागला. त्यांनी त्याला हाताला धरून फाटकापर्यंत पोचवलं. दुसऱ्या दिवशी वॉचमनमामा आणि तो पुन्हा तिथंच.

गल्लीत तर्काला तोटा नव्हता. कुणी म्हणे नवस आहे. कुणी म्हणे ज्योतिषानं पाण्याचा धोका सांगितलाय, आणि लातुरात पाणीच नाही म्हणून राहिलाय. मला या माणसाचं भारी कुतूहल होतं. पण थेट विचारलं की तो "चाललंय की ब्येस" म्हणून सायकलला टांग मारायचा.

सुमन हुशार निघाली. मोठ्या क्लासच्या वाटेला न जाता, ओळखीच्या एका मुलीच्या जुन्या नोट्सवर तिनं अभ्यास केला आणि मेडिकलला लागतील इतके मार्क मिळवले. आता कळीचा मुद्दा रहिवासी दाखल्याचा. तो मिळाला तर राज्याच्या कोट्यातून सीट, नाहीतर बाहेरची म्हणून देशभरच्या रांगेत शेवटी. मी अर्ज भरला, शाळेचे पहिलीपासूनचे कागद लावले. साहेबानं ते उलटसुलट पाहिले, सही केली. पोरगी कुठल्या दिवशी कुठं होती, हे कुणीही विचारलं नाही.

सीट नांदेडला मिळाली. दुसऱ्या दिवशी रामस्वरूप दुकानात आला आणि बाकड्याच्या टोकाला बसला.

"आप्पा, पोरीला सोडाया नांदेडला जावं लागतंय. आता खाडा पडला तर चालतंय नव्हं?"

"कसला खाडा?"

त्यानं माझ्याकडे चमकून पाहिलं. "तुमीच सांगितलं हुतं की. सुमन पहिलीत हुती. म्या इचारलं, पोरीला हितं डाक्टर व्हायचं तर काय लागंल. तुमी म्हनलाव, धा वर्सं लातुरात ऱ्हा, दाखला हाती येईस्तवर मधी खाडा पाडू नगंस."

मला आठवेना. दारात गर्दी असेल, समोर डबा उघडा असेल, आणि मी बोलून गेलो असेन. मिलमध्ये एक दिवस खाडा पडला की सलग हजेरी पुन्हा एकपासून मोजतात. यानं तोच कायदा पोरीच्या वास्तव्याला लावला होता, आणि पोरीला एकटं कसं ठेवायचं म्हणून स्वतःलाही.

अरे बाबा, गावी जाऊन आलं म्हणून काही बिघडत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "दोन सालाखाली माय गेली. बायकू गेली मातीला. म्या न्हाई गेलो, सुमनची अकरावी हुती. माय फोनवर म्हनायची, येकडाव पोरीला दाव. म्या म्हनायचो, थोडा दम धर." तो हाताच्या तळव्याकडे बघत राहिला. "गावात म्हनतेत, दगड हाय. पन त्यामुळंच झालं ना, आप्पा? खाडा न्हाई पडला म्हनून?"

दोन वर्षांपूर्वी हा रोज माझ्या दारावरून सायकलवर गेला होता आणि आई गेल्याचं मला माहीतही नव्हतं. मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"हो," मी म्हणालो. "एक जरी खाडा असता, तरी साहेबानं सही केली नसती."

त्यानं सावकाश मान हलवली. त्याचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. तो गेल्यावर मी एक कोरा अर्ज पुढ्यात ओढला आणि काही सुचेना म्हणून त्यावर माझंच नाव, गाव लिहीत बसलो.