देवधरकाकांचं ब्यूनोस आयर्स

देवधरकाकांना दोहात रस्ता सापडत नाही. ब्यूनोस आयर्समध्ये मात्र ते कधी चुकत नाहीत, आणि तिथे ते आजवर एकदाही गेलेले नाहीत.

अल रय्यानमध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते आणि काकू राहतात. मूळचे नाशिकचे, वेस्ट बेमधल्या एका कंपनीत इंजिनियर. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला तसे दोहातले रस्ते रोज जागा बदलायला लागले. कालचा राउंडअबाउट आज सिग्नल झालेला असायचा. काका सकाळी मला ऑफिसला सोडायचे. एकदा डायव्हर्जन चुकलं ते असं चुकलं, की आम्ही थेट शहराबाहेर समैस्माच्या किनाऱ्यावर पोचलो. माझी मीटिंग गेली. काका शांतपणे उतरले आणि समुद्राकडे बघत म्हणाले, "आपल्याकडची नदी एवढीच रुंद. पलीकडचा काठ दिसत नाही. रंग तेवढा चहासारखा."

'आपल्याकडे' म्हणजे ब्यूनोस आयर्स. नवीन माणसाचा हमखास घोटाळा व्हायचा. गणपतीच्या आरतीनंतर काका म्हणाले, आपल्याकडे रात्री दहाच्या आत कुणी जेवत नाही. पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं ते ऐकून महाप्रसादाची आशा सोडून घरी निघालं होतं.

बाकी काका शहर असं उभं करायचे की ऐकत राहावं. बंदराजवळची पत्र्याची घरं जहाजांच्या उरलेल्या रंगांनी रंगवलेली, निळा संपला की पुढची भिंत पिवळी. नोव्हेंबरात जॅकरांडा फुलतो आणि फूटपाथ जांभळे होतात. रविवारी सान तेल्मो भागात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, आणि चौकात म्हातारी जोडपी टँगो नाचतात. मध्यातला मोठा रस्ता तर इतका रुंद, की सावकाश चालणारा माणूस एका सिग्नलमध्ये पलीकडे पोचत नाही. आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ खरोखर तिकडे जाऊन आले होते. काकांनी त्यांना एक वाक्य पुरं करू दिलं नाही. "तुम्ही चुकीच्या भागात उतरलात," म्हणाले, "खलास."

स्पर्धा तोंडावर आली आणि समुद्राकाठच्या कॉर्निशवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी दिसायला लागल्या. काकांनी गळ्यात ढोल अडकवलेल्या एका आडदांड माणसाला गाठलं, कुठे राहतो ते विचारलं आणि त्याच्या घराच्या कोपऱ्यावर कुठली बस थांबते ते त्यालाच सांगितलं. त्याने आनंदाने काकांना उचललंच. एक चप्पल खाली पडली, काका वर.

काकू आणि मी कठड्यावर बसून बघत होतो. मी सहज विचारलं, की हे वेड आलं कुठून. काकू काकांकडे बघत हसत होत्या, त्या हळू आवाजात बोलायला लागल्या. त्यांची लेक सायली नोकरीसाठी ब्यूनोस आयर्सला गेली आणि तिने तिकडच्याच मुलाशी लग्न केलं. काका रागावले. लग्नाला गेले नाहीत, तिचा फोन उचलायचे नाहीत.

"पण रोज ऑफिसातून आले की तिच्या गल्लीचा नकाशा उघडून बसायचे," काकू म्हणाल्या. "दूध कुठून आणत असेल, बस कुठे धरत असेल. तिला विचारायचं सोडून नकाशाला विचारायचे."

नात झाल्यावर फोन सुरू झाले, तेही हवापाण्यापुरते. आता मॅचचं निमित्त करून तिघं येणार होती.

त्यांना आणायला गाडी मी चालवली. काकांच्या हाती स्टिअरिंग दिलं असतं तर पाहुणे विमानतळावरच राहिले असते. मला काळजी होती ती जावयाची, त्याला त्याच्याच गावावर व्याख्यान ऐकावं लागणार होतं.

सायली बाहेर आली आणि थोडं अंतर ठेवून थांबली. काका पुढे झाले, तिच्या खांद्यावरची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "दमलीस का?" तिने मान हलवली. जावई शिकवल्यासारखा पाया पडायला वाकला. त्याच्या पाठीवर थोपटून काका म्हणाले, "यल्ला, चला, घरी काकू वाट बघतेय." गडबडीत ते स्वतःच्या बायकोला काकू म्हणाले.

परतताना सायली पुढे बसली. मागे काका आणि जावयाच्या मध्ये पाच वर्षांची मीरा. आईने शिकवलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत ती सांगायला लागली, "आजोबा, आमच्या गावात खूप मोठ्ठा रस्ता आहे. मधे उंच खांब आहे, पांढरं."

मी आरशात बघितलं. आता काका सुरू होणार.

"हो का?" काका म्हणाले. "आणि मग?"

मीराने शाळा सांगितली, बाग सांगितली, डावं-उजवं सगळं उलटसुलट केलं. काका प्रत्येक वळणाला थक्क होत होते. जावई काही न कळता हसत होता.

सायली मागे वळली. "बाबा, तुम्हाला खरंच काही माहीत नाही?"

"नाही गं," काका म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही ना तुला."

मीराने दोन्ही हातांनी आजोबांचा चेहरा स्वतःकडे वळवून घेतला आणि पुढचं सांगायला लागली.