कुर्त्याचा कलफ

कालिंदीचे सासरे गुणाकरराव यांचा पांढरा कुर्ता आत माणूस नसला तरी उभा राहील, असं अख्खं बालाघाट म्हणायचं. घरी भाताची पेज कधी फेकली जात नसे. ती गाळून तिची कडक खळ कुर्त्याला द्यायची, याला घरात कलफ म्हणत. कलफाचं खातं सासूबाईंकडे, म्हणजे मैनाबाईंकडे होतं आणि त्यात त्या कुणाला ढवळाढवळ करू देत नसत.

बैहरच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून गुणाकररावांचा जीव दोनच गोष्टींत अडकला होता, एक कुर्ता आणि दुसरी बैठकीची खोली. नेमक्या त्याच खोलीत कालिंदीने जीवशास्त्राची शिकवणी काढली. कांद्याच्या पेशी दाखवल्या त्या दिवशी कांद्याचा वास सोफ्यात जो मुरला तो निघेना. तेव्हा सासऱ्यांनी निकाल देऊन टाकला.

"आता माह्या एकाही वस्तूले धक्का लागला, तर शिकवणी बंद. मंग पाहा तुमच्या पेशी चौकात बसून."

"हौ, मामाजी," कालिंदी म्हणाली. धक्का लागेल असं तिला वाटलंच नाही. शाळेतली नोकरी तिने सोडली होती ती पुस्तक नुसतं वाचून दाखवायचा कंटाळा आला म्हणून. ही शिकवणी तिची स्वतःची होती आणि ती तिला प्राणापलीकडे प्रिय होती.

त्या दुपारी मराठी मंडळात गुणाकररावांचा सत्कार होता. ते न्हाणीघरात शिरले, आणि इकडे बैठकीत आयोडीनची बाटली उघडली. कालिंदीने बटाट्यावर थेंब टाकला, तो निळाकाळा झाला. पोळीवर टाकला, तीही झाली. "जिथे स्टार्च, तिथे निळा," ती म्हणाली.

"मॅडम, कपडे में भी होता है क्या?" पिंकीने विचारलं. पिंकीला शंका फार.

"कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याला आयोडीन ढुंकून पाहत नाही. हे बघ." वर्गाकडे तोंड ठेवूनच कालिंदीने मागच्या खुर्चीवरच्या पांढऱ्या कपड्यावर ऐटीत थेंब सोडला.

"मॅडम," पिंकी हळूच म्हणाली, "आयोडीन ढुंकून पाहून राह्यलं."

कालिंदी वळली. कापसाबद्दल तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण खुर्चीवर सासऱ्यांचा सत्काराचा कुर्ता होता, त्यात मैनाबाईंचा कलफ, म्हणजे भाताचं स्टार्च होतं, आणि खिशावर रुपयाएवढा निळाकाळा डाग उमटला होता. आतून तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज येत होता, तोवर वेळ हातात होता.

मोहितने तत्परतेने ओला रुमाल चोळला आणि रुपयाचा पुरीएवढा झाला.

"थांब," कालिंदी म्हणाली. "स्टार्च कशाने पचतं?"

"लाळेने," वर्ग एका सुरात म्हणाला. परवाचाच धडा होता.

मग एक वाटी वर्गातून फिरली. घाबरून सगळ्यांची तोंडं कोरडी पडली होती, तेव्हा कालिंदीने चिंचेच्या लोणच्याचं वर्णन करून सांगितलं आणि वाटीत पुरेसा माल जमला. तो कापसाने डागावर लावला, उबेसाठी वर भाताचं कोमट पातेलं ठेवलं. थोड्याच वेळात निळा रंग तांबूस झाला, मग दिसेनासा झाला. पोरांनी टाळ्या वाजवायला हात वर केले तेवढ्यात लक्षात आलं की डागाबरोबर कलफही पचला आहे. कुर्ता ताठ, आणि खिसा मात्र भिजल्या पापडासारखा लोंबत होता.

भाताचं पातेलं शोधत मैनाबाई आल्या. त्यांनी खिसा पाहिला, आतून पेजेची वाटी आणली आणि खिशावर थापली. खिसा पुन्हा निळाकाळा झाला.

"अव माय, काय घातलं व याच्यात?"

"आयोडीन कपड्यातच आहे, आई. नवं स्टार्च मिळालं की पुन्हा निळं." कालिंदीचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे आयोडीनलाच घालवायचं. लिंबू आहे का? त्यातलं व्हिटॅमिन सी त्याचा रंग काढतं."

घरात लिंबू नव्हतं. होतं ते एकच, दाराला मिरच्यांबरोबर टांगलेलं, कालच बांधलेलं. कालिंदीने सासूबाईंकडे पाहिलं. मैनाबाईंनी डोळे मिटले आणि मान डोलावली.

लिंबू पिळताच डाग असा गेला की जणू नव्हताच. मैनाबाईंनी खिशावर इस्त्री फिरवली, आणि न्हाणीघराची कडी वाजली. गुणाकरराव कुर्ता घालून, छाती काढून सत्काराला निघून गेले.

संध्याकाळी कालिंदी राहिलेली शिकवणी घेत होती. इतक्या उकाड्यात सासरे गळ्यापर्यंत शाल लपेटून परतले. त्यांचा चेहरा पडला होता.

"काय झालं, मामाजी?"

"बिल्ला लावताना बोटाला पिन टोचली. एकानं मलमपट्टीचं लाल औषध लावलं, ते बाहीवर सांडलं." त्यांनी शाल बाजूला केली. बाहीभर निळाकाळा डाग होता. "सारे म्हणून राह्यले, बाबूजी रिटायर झाले तरी शाई सुटली नाही. काहून झालं असं? आता हा कुर्ता गेला."

त्या लाल औषधातही आयोडीनच, हे कालिंदीने डाग पाहताच ओळखलं. दाराला बांधायला म्हणून दुपारी पिंकीकडून आणवून ठेवलेलं लिंबू तिने सासऱ्यांच्या देखत बाहीवर पिळलं आणि डाग विरून गेला. गुणाकररावांनी बाही उजेडात धरली, उलटीसुलटी केली.

"हे तुले कसं ठाऊक?"

"अभ्यासक्रमात आहे, मामाजी."

"मंग शिकवणी चालू ठेव," ते गंभीरपणे म्हणाले. "कामाची गोष्ट आहे."

गुणाकरराव आत जायला वळले आणि थबकले. त्यांनी बाही हुंगली. मग मान वाकवून खिसा हुंगला. मग दाराकडे पाहिलं. तिथे मिरच्या एकट्याच लोंबत होत्या. मैनाबाई घाईने स्वयंपाकघरात गेल्या आणि सगळ्या पोरांनी पुस्तकात डोकी घातली.

"कालिंदी," ते म्हणाले, "उद्यापासून मीही वर्गात बसीन."

"बसा ना, मामाजी."

"हौ," कुर्त्याची बटणं काढत ते म्हणाले. "पण बनियनवर."