तेल उशिरा हलतं

शशीकाका दिघ्यांच्या स्वयंपाकघरात खायच्या तेलाची एक बाटली असते आणि न खायच्या तेलाच्या अकरा. सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी पीएचडीपुरती भाड्याने घेतली आहे. पहिल्याच आठवड्यात मी चुकीच्या बाटलीतून फोडणी केली आणि पोहे हिरवे झाले. काकांना पोह्यांचं काही वाटलं नाही. "हिरवा गेला," एवढंच म्हणाले.

काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वडील गोदीत कारकून म्हणून इथे आले, काका इथेच जन्मले. साठच्या दशकात इथल्या क्लबांत रॉक बँड वाजायचे, तेव्हा बँडमागच्या भिंतीवर रंग नाचवायचं काम काकांचं. भिंतीवरच्या घड्याळाच्या दोन खोलगट काचा. एकीत रंगीत पाणी आणि तेल, तिच्यात दुसरी बसवलेली, खाली प्रोजेक्टरचा दिवा. वरची काच दाबली की भिंतीवर जांभळा फुगतो, केशरी फाटत जातो. पुढे ते क्लब बंद पडले, लांब केसांवर सरकारने बंदी आणली म्हणून केस कापावे लागले, आणि हा माणूस जन्मभर विम्याच्या ऑफिसात फायली लावत बसला. याचा मला येतो तेवढा संताप काकांना येत नाही. त्याचाही मला संताप येतो.

रोज संध्याकाळी पाचला पडदे ओढून, कुठल्याशा शाळेने भंगारात काढलेल्या प्रोजेक्टरवर काका तालीम करतात. तीही गाणं न लावता. गाणं त्यांच्या डोक्यात वाजत असतं. मला शिकवायचा प्रयत्नही झाला. "आधी, पोरी, आधी. तेल उशिरा हलतं. ठोका ऐकून दाबलंस तर गेलं, लाह." वाक्याला शेवटी 'लाह' जोडायची इथली सवय काकांना जन्मापासूनची.

एका ठिकाणी मात्र त्यांचा हात क्षणभर थांबायचा. रोज, नेमका तिथेच. वय झालं, असं मी समजत होते.

इथल्या मराठी मंडळींच्या वार्षिक संमेलनात यंदा आयटीवाल्यांचा रॉक बँड वाजणार, तोही काकांच्या डोक्यात रोज वाजणारं तेच जुनं गाणं, हे कळल्यावर काका पंधरा दिवस नीट जेवले नाहीत. मरायच्या आधी एकदा खऱ्या बँडमागे रंग टाकायचे होते त्यांना. सेक्रेटरी मॅडम म्हणाल्या, "अगं, एलईडी स्क्रीन आहे ना. तेल कशाला सांडायचं?" मी 'भिंत कोणाच्या बापाची?' अशा मथळ्याचं पत्रक काढलं, त्यावर सह्या गोळा केल्या आणि कमिटीतल्या प्रत्येकाच्या हातात कोंबलं. चार मिनिटं मिळाली.

पहिली दोन मिनिटं हॉल गप्प होता. काकांचा हात ठोक्याच्या आधी पडत होता, रंग ठोक्यावर. मग ती जागा आली आणि हात थांबला. ड्रमवाल्या इंजिनियरच्या कानात ताल मोजणारं मशीन टिकटिकत होतं, तो कशाला थांबतोय? पुढचं सगळं गाणं भिंत अर्ध्या ठोक्याने मागे. पुढच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "आजोबांचं नेट स्लो आहे." लोक हसले. मॅडमनी खूण केली आणि काकांच्या जांभळ्यावर एलईडीचा लखलखीत लोगो आला. हसणाऱ्यांत माझ्या पत्रकावर सही करणारे तिघे होते. त्यांची नावं मी लिहून ठेवली आहेत.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बाटल्यांचा खोका मांडीवर घेऊन काका बसले होते. मी कमिटीवरचा राग त्यांच्यावरच काढला. "काका, रोज तालीम करता, आणि नेमके तिथेच चुकलात?"

"चुकलो नाही. तिथं आ सेंग उशिरा येतो."

"कोण आ सेंग?"

"आमचा ड्रमवाला. त्या जागेला मान मागं वळवून भिंत बघायचा, म्हणून ठोका मागं पडायचा. बाकी कुणी बघत नव्हतं, लाह. पब्लिक नाचायचं, बँड पब्लिककडे बघायचा."

"आता कुठे असतात ते?"

"वुडलँड्सला होता. गेल्या वर्षी गेला." मग खोक्यातली बूचं एकेक घट्ट करत म्हणाले, "आज तिथं न थांबता हात पुढं न्यायचं ठरवलं होतं मी. नाही गेला."

दुसऱ्या दिवशी पाचला काकांनी पडदे ओढले. मी भिंतीकडे पाठ करून, कमिटीला झोडपणारं नवं पत्रक लिहीत होते. काचांचा बारीक आवाज मधेच थांबला. मी मान मागे वळवली.

जांभळा फुगला. उशिरा.