रिकामी खुर्ची आणि कुकरची शिट्टी

ऐन साखरपुड्याच्या दिवशी नवऱ्या मुलाचा घसा बसलाय, हे मोतीबाईंना सकाळच्या चहाला कळलं. प्रीतमने काहीतरी मागायला तोंड उघडलं आणि आतून तेल न घातलेल्या बिजागरीसारखा आवाज आला.

"हा तुझ्या मामाचा प्रताप," मोतीबाई म्हणाल्या.

मामा, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ धर्मराज, समोरच बसून बटर बुडवत होते. आदल्या दिवशी बदलापूरला गावकीचे क्रिकेटचे सामने होते. भाचा रेडिओवर एवढा गाजतो, अख्खी मुंबई त्याच्या आवाजावर फिदा आहे, मग तो आवाज मामाच्या सामन्यांना नको का? प्रीतम दिवसभर मांडवात कॉमेंट्रीला बसून चेंडू गोठ्यात गेला की ओरडत होता, म्हैस बाहेर आली की त्याहून मोठ्यांदा ओरडत होता.

"साखरपुड्यात नवऱ्या मुलाला बोलायचं काय असतं?" धर्मराज म्हणाले. "गप बसला की उलट संस्कारी वाटेल."

मोतीबाईंना ते पटलं, तरी धाकधूक जाईना. कारण हे लग्न जमलंच होतं प्रीतमच्या आवाजावर.

मुलगी जिज्ञासा विठ्ठलवाडीची. तिचे वडील महेश यांचा उल्हासनगरात जीन्स शिवायचा कारखाना, पण घरात शब्द चालायचा तो त्यांच्या आईचा, कौसाबाईंचा. बघण्याच्या वेळी कौसाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्या आल्या नव्हत्या. "बघायचंय काय?" त्या म्हणाल्या होत्या. "दर रविवारी ऐकते मी त्याला. एवढ्या गोड गळ्याचा मुलगा वाईट असूच शकत नाही."

रेडिओ हा कौसाबाईंचा जुना जीव. लहान होत्या तेव्हा दर आठवड्याला फर्माइशीचं पोस्टकार्ड टाकायच्या आणि रेडिओला कान लावून बसायच्या. निवेदिका गाण्याआधी गावासकट नावं वाचायची. कुठल्या कुठल्या गावांची वाचायची, पण कौसाबाईंचं कधी वाचलं नाही. त्यांच्या जावेचं, गोदूबाईंचं मात्र एकदा आलं. त्या एका दुपारच्या जोरावर गोदूबाईंनी पुढे सगळी हयात काढली. मुंजीत, बारशात, एकदा तर तेराव्यालाही, "माझं नाव रेडिओवर आलं होतं तेव्हा..." अशी त्यांची सुरुवात व्हायची.

प्रीतमच्या कार्यक्रमाचं नाव 'रिकामी खुर्ची'. मी स्टुडिओत एकटा बसलोय, समोरची खुर्ची रिकामी आहे, तिथे बसणारी अजून भेटली नाही, असं तो दर रविवारी खोल आवाजात सांगायचा आणि घाटकोपरपासून वसईपर्यंतच्या पोरी उसासे टाकायच्या. खरी गोष्ट अशी, की कित्येक रविवारी तो स्टुडिओत नसायचाच. लॉकडाऊनमध्ये त्याला घरून रेकॉर्डिंग करायची सवय लागली होती. चिखलोलीच्या फ्लॅटमध्ये तो कपड्यांच्या कपाटात शिरायचा, चारी बाजूंनी मोतीबाईंच्या गोधड्या लावायचा, म्हणजे आवाज घुमत नाही. त्या कपाटात खुर्ची सोडा, पाटसुद्धा मावत नव्हता. आजचा कार्यक्रमही कालच सकाळी तिथे रेकॉर्ड करून पाठवला होता.

अंबरनाथच्या हॉलमध्ये सगळं झोकात सुरू झालं. प्रीतम पाटावर बसला, संस्कारी दिसला. कौसाबाई नवी नऊवारी नेसून, मांडीवर नारळ घेऊन समोर बसल्या. त्यांच्याच हातून मुलाला नारळ मिळायचा होता. भटजींनी पूजा मांडली, आणि कौसाबाईंनी बटव्यातल्या छोट्या ट्रान्झिस्टरची वायर गुपचूप कानात घातली. रविवार होता, कार्यक्रमाची वेळ झाली होती आणि सवय ती सवय.

थोड्या वेळाने त्यांनी प्रीतमकडे बघितलं. मग बटव्याकडे. मग परत प्रीतमकडे.

"भटजी, थांबा," त्या म्हणाल्या. "हा मुलगा कोण?"

"आजी, असं काय करतेस? प्रीतम आहे तो," जिज्ञासा म्हणाली.

"प्रीतम स्टुडिओत बसलाय. आत्ता बोलला तो. आत्ता या क्षणी मी स्टुडिओत बसलोय, बोलला."

प्रीतम घाईघाईने म्हणाला, "आजी, ते रेकॉर्डिंग आहे." निदान त्याला तसं म्हणायचं होतं. बाहेर पडली ती बिजागरी.

कौसाबाई मागे सरकल्या. "हा आवाज त्याचा?"

"पप्पा, सांगा ना तुम्ही," जिज्ञासाने वडिलांना डिवचलं.

महेशनी डोळे बारीक केले. "बघायला आलेला तो हाच आहे. पण रेडिओवाला हाच का, ते मी कशावरून सांगू? लाइफ गेली माझी उल्हासनगरात. लेबल बघून माल घेत नाय आपण. डुप्लिकेट निघाला तर?"

"अहो, स्टेशनला फोन करा की," धर्मराज म्हणाले. आजवर त्यांनी सुचवलेली कुठलीच गोष्ट नीट झाली नव्हती, हे मोतीबाईंना आठवेपर्यंत महेशनी फोन लावून स्पीकरवर टाकलासुद्धा.

"नमस्कार, मी अस्मिता," पलीकडून आवाज आला. "प्रीतम सर आत्ता ऑन एअर आहेत, बोलू शकत नाहीत." फोनवर असंच सांगायचं, हा स्टेशनचा नियम होता आणि अस्मिता नियमाला पक्की होती.

"अगं, मीच प्रीतम," प्रीतम घरघरला.

"रोज दहा जण असंच बोलतात, काका," अस्मिता म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

कौसाबाईंनी नारळ पदराखाली घेतला. "एक तर हा खोटा, नाहीतर तिकडे बसलोय सांगतो तो खोटा. दोन्हीकडून खोट्याच्या घरात माझी नात मी देत नाय."

जिज्ञासाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मोतीबाई उठल्या. त्यांना एकदम आठवलं होतं.

"आजी, तुमचा रेडिओ हॉलच्या माइकला लावा. सगळ्यांना ऐकू द्या. हे गाणं संपलं की प्रीतम रिकाम्या खुर्चीचं बोलेल आणि मधेच कुकरची शिट्टी होईल. ती माझ्या कुकरची. ती आधी हुंदका देते, मगच वाजते. स्टुडिओत कोण डाळ शिजवतं?"

पैज लागल्यासारखी माणसं पुढे सरकली. महेशनी वायर काढून ट्रान्झिस्टर माइकसमोर धरला. गाणं संपत आलं, आणि मोतीबाई प्रीतमकडे सरकल्या. शिट्टीनंतर आपण कपाट उघडलं होतं. उघडून काहीतरी बोललो होतो. काय बोललो होतो, तेही त्यांना आता शब्दन् शब्द आठवलं.

त्यांनी प्रीतमच्या कानात विचारलं, "ते कापलंस ना रे?"

प्रीतमने नाही म्हणून मान हलवली. कापायला बसला तेव्हा मामा खाली स्कूटरचा हॉर्न धरून उभे होते.

"जाऊ दे," मोतीबाई मोठ्यांदा म्हणाल्या. "आधी जेवणं उरकू या. जिलब्या गार होतायत."

"बघा," महेश म्हणाले. "गाठोडं सोडायची वेळ आली की असंच बोलतात."

हॉलभर प्रीतमचा खराखुरा, मधाळ आवाज पसरला. "समोरची खुर्ची आजही रिकामी आहे..." मागून एक हुंदका आला आणि शिट्टी झाली. टाळ्या पडल्या. धर्मराजांनी शिट्टीला शिट्टी दिली. मग कपाटाचं दार करकरलं आणि मोतीबाईंचाच आवाज माइकवरून घुमला:

"प्रीतम, उद्या साखरपुड्याला तो निळा कुर्ता घालू नको. आणि त्या विठ्ठलवाडीच्या कौसाबाईंसमोर तोंड उघडू नको. पोरगी गुणाची हाय रे, पण आजी म्हणजे बिनबटणाचा रेडिओ. एकदा लागला की बंद करायची सोय नाय."

"आई, रेकॉर्डिंग चालू आहे."

"मग काप तेवढं. डाळीला तुझ्या मामासाठी तिखट टाकू का?"

टाळ्या थांबल्या. भटजींनी नजर कलशात घातली. मोतीबाईंना त्या वेळी कपाटात जाऊन बसावंसं वाटलं, गोधड्यांसकट.

कौसाबाई हळूहळू उठल्या. "परत लावा ते."

"आजी, रेडिओ परत नाय लावता येत," जिज्ञासा म्हणाली.

"पण नाव आलं ना? विठ्ठलवाडीच्या कौसाबाई. असंच आलं ना?"

"असंच आलं," मोतीबाई पुटपुटल्या. "माफ करा, आजी."

कौसाबाईंना ते ऐकू गेलंच नाही. त्या दुसऱ्या रांगेकडे वळल्या होत्या. तिथे पांढऱ्याफटक चेहऱ्याने गोदूबाई बसल्या होत्या.

"गोदू, ऐकलंस? गावासकट आलं. तुझं चौघींच्या घोळक्यात घेतलं होतं. माझं एकटीचं घेतलं, वर माहितीपण दिली."

तेवढ्यात प्रीतमचा फोन वाजला. स्पीकरवर अस्मिता होती. "सर, सगळ्या लाइनी जॅम. तुमच्या साखरपुड्याचं कुणालाच पडलं नाहीये. सगळे विचारतायत, या कौसाबाई कोण? साहेब बोलतायत, पुढच्या रविवारी त्यांना रिकाम्या खुर्चीत आणून बसवा."

कौसाबाईंनी फोन ओढून घेतला. "मीच बोलतेय. विठ्ठलवाडीहून. लिहून घे पोरी, मी लहान होते तेव्हा..."

आणि रेडिओ लागला. मुहूर्त जवळ आला, महेशनी दोनदा खुणा केल्या, भटजी खाकरले, पण कौसाबाई अजून पहिल्याच पोस्टकार्डापाशी होत्या. शेवटी जिज्ञासाने त्यांच्या काखेतून हळूच नारळ काढून घेतला आणि स्वतःच प्रीतमच्या हातात ठेवला.

प्रीतमने काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते कुणालाच कळलं नाही, पण जिज्ञासा लाजली.