जिभाऊंची दोन सीटांची गाडी

जिभाऊ रोज संध्याकाळी धुळ्याच्या रस्त्याला लागत. गाडीला इंजिन नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

सुरतेत, लिंबायतला त्यांचं घर आमच्या घराला लागून. पॉवरलूमवर ते फिटर होते. खानदेशात थोरल्या भावाला जिभाऊ म्हणतात. हे सगळ्या गल्लीचेच थोरले भाऊ झाले होते. पलसाण्याला एका शेठनं रंगाईच्या कारखान्यातली जुनी शेड पाडली, तेव्हा आत ही विलायती स्पोर्ट्स कार निघाली. लाल, बुटकी, दोनच सीटांची आणि पोटातून रिकामी. शेठ म्हणाला, घेऊन जा. जिभाऊंनी टेम्पोला बांधून ती घरी आणली.

तेव्हापासून कामावरून आले की हातपाय धुऊन ते स्टिअरिंग धरून बसत. डोळे अर्धे मिटलेले. निंबाची सावली काचेवरून सरकायची, जिभाऊंचे हात अलगद वळणं घ्यायचे, आणि बघता बघता मलाही वाटायचं की आमची गल्लीच मागे मागे चाललीय. मग सिंधूवहिनी डावा पाय ओढत चहा घेऊन येत. तो पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला.

"कोठे पोचनात?" वहिनी विचारत.

"सोनगड गयं आत्ते. घाई कसाले?"

"घाई कसाले" हे त्यांचं पालुपद. खरं तर घाई होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडाला झोके बांधून गाणी म्हणतात. न्यायला भाऊ नाहीतर बाप येतो, त्याला मुराळी म्हणायचं. वहिनींना भाऊ नव्हता. वडील होते तोवर तेच येत. ते गेले आणि माहेरचं बोलावणंही थांबलं. आखाजीला वहिनी दार लोटून घरात बसत. या आखाजीला याच गाडीतून साक्रीजवळच्या तिच्या गावी जायचं, असं जिभाऊंनी ठरवून टाकलं होतं.

"अहो, रोज बस जाते की!" मी म्हणालो. मी शाळामास्तर, न मागता सल्ला देण्याची खोडच.

"बसमां ती नुसती बठस, मास्तर," जिभाऊ म्हणाले आणि पुढचं वळण घेऊ लागले.

भेस्तानच्या एका भंगारवाल्याकडे अपघातात चेपलेली जपानी गाडी आली होती. तिचं इंजिन धड होतं, आणि गिअर आपोआप बदलणारा तिचा डबाही. भंगारवाला प्रामाणिक निघाला. "काका, आमां क्लच ज नथी, हों!" हिला क्लचच नाही, हे त्यानं आधीच सांगून टाकलं.

"एटले ज जोईए," जिभाऊ म्हणाले. म्हणजे, म्हणूनच हवंय. मला वाटलं, यांना काही कळलेलं दिसत नाही.

इंजिन उंच निघालं, बॉनेट लागेना. जिभाऊंनी बॉनेटला भोक पाडून वर घरातली परात उलटी ठोकली. वहिनी आठवडाभर पातेल्याच्या झाकणात कणीक मळत होत्या. इंजिन बसवलं ते लूमच्या मोडक्या सांगाड्याच्या लोखंडावर.

मग आलं तेल. लूमचं तेल चालत नाही असं यंत्र जगात नाही, ही लूमवाल्यांची श्रद्धा. जिभाऊंनी तेच गिअरच्या डब्यात ओतलं. गाडी किंचाळली आणि पुढं जायचं सोडून मागे मागे जात पिठाच्या गिरणीला जाऊन टेकली. गल्ली हसून हसून लोळली. जिभाऊ मात्र तसेच आत बसून राहिले. वहिनींनी आणलेला चहा निवून गेला. आखाजी काही फार लांब नव्हती.

भंगारवाल्यानंच सांगितलं, या डब्याला वेगळं पातळ तेल लागतं. डबा धुऊन ते घातलं आणि गाडी निघाली, पाण्यावरून होडी निघावी तशी. खडखड नाही, हिसका नाही. त्यानंतर रोज पहाटे जिभाऊ आणि वहिनी दोघं भेस्तानच्या मोकळ्या मैदानाकडे जात. गाडी पारखायला, असं जिभाऊ सांगत. या वयात कसलं फिरणं, म्हणून आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली.

आखाजीच्या सकाळी सगळी गल्ली जमली. इस्त्रीचा सदरा घातलेल्या जिभाऊंनी उजवीकडचं दार उघडलं आणि स्वतः बाजूला झाले.

"बठ," ते वहिनींना म्हणाले.

वहिनी स्टिअरिंगमागे बसल्या. डावा पाय हातानं उचलून आत घेतला, पदर खोचला, आरसा नीट केला. क्लच नसलेल्या त्या गाडीत डाव्या पायाला काही कामच नव्हतं. पहाटेच्या फेऱ्या कशासाठी होत्या, ते तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

जिभाऊ शेजारच्या सीटवर बसले. मी खिडकीशी वाकून हळूच विचारलं, "तिकडे आता आहे कोण यांचं?"

"कोणीच नही. पन गाव शे ना! या लंगडीसंगे लगीन कोन करी, म्हने गाव. दिखू दे त्यास्ले, पोर सोता गाडी चालवत उनी."

मी खिडकीपासून बाजूला झालो. वहिनींनी हॉर्न दिला, कोंबड्या पळाल्या, गाडी हलली. आम्ही सगळे हात हलवत राहिलो. जिभाऊंनी एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हातांनी दार घट्ट धरून ते तिच्याच तोंडाकडे बघत होते.