टेकोड्यांना तीन अनुमोदने

अहेरीच्या दादाजी गुरुजींच्या ताटात टेकोड्यांची भाजी वाढली गेली, तेव्हा ती खाद्य की विषारी, हा निर्णय प्रलंबित होता. परसात उगवलेली ही अळंबी त्यांनी स्वहस्ते खुडली होती आणि तिचे छायाचित्र 'वनज्ञानकोश' या आपल्याच व्हॉट्सॲप समूहापुढे सविनय ठेवले होते. समूहाचा नियम सातवा : तीन अनुमोदनांवाचून ज्ञान सिद्ध होत नाही. चाळीस वर्षे संस्कृत शिकवून झाल्यावर हा नियम गुरुजींनीच घडवला होता.

पहिले अनुमोदन चंद्रपूरहून त्यांचा शिष्य अश्वजित याचे आले. दुसरे त्याच्यावर विसंबून प्रणितचे. तिसरे, मोनालीचे, जोडलेल्या हातांच्या चित्ररूपाने आले. तेही ग्राह्य धरण्यात आले.

"आता खा ना जी, गार होऊन राह्यली," त्यांच्या पत्नी रुखमाबाई म्हणाल्या.

"आपण नाही घेत?"

"मी कुठी तुमच्या ग्रुपात हाओ?"

एवढ्यात बांबूचे कोवळे वास्ते विकायला आलेली बुधरी ओसरीवरच्या टोपलीतले उरलेले टेकोडे पाहून थबकली. "गुरुजी, फेका ते! शेळीबी तोंड लावत नाई त्याले."

"प्रमाण काय, बुधरीबाई?"

"खाऊन पाहा. उद्या तुमच्या दारात लोक जमतीन, त्याइले भेटन प्रमाण."

गुरुजींचा घास हातातच राहिला. त्यांनी अश्वजितला मूळ आधार विचारला. उत्तर तत्काळ आले : "गतवर्षीची आपलीच नोंद, गुरुजी."

गुरुजींना स्मरले. ती नोंद त्यांनी दुसऱ्या एका समूहातून जशीच्या तशी उचलली होती. स्वतःची भर म्हणून वर एक अनुष्टुभ रचला होता. टेकोडा त्या दिवसापर्यंत हातात धरला नव्हता. श्लोकाला मात्र एकशे चार अंगठे मिळाले होते.

भाजी खताच्या खड्ड्यात पुरून गुरुजींनी दुरुस्ती लिहिली : 'हे टेकोडे खाऊ नयेत. आधार : बुधरीबाई.'

समूहाचे प्रशासन सांभाळणाऱ्या अश्वजितने ती सात मिनिटांत काढून टाकली. "क्षमा असावी. आधार समूहाबाहेरचा आहे, अनुमोदन एकही नाही. शिवाय हे म्हणणे दादाजी गुरुजींसारख्या अधिकारी पुरुषाच्या नोंदीशी विसंगत आहे."

युक्तिवाद निर्दोष होता. शिकवलेलाच तसा होता. गुरुजींच्या बाजूने बुधरी, रुखमाबाई आणि शेळी अशी तीन अनुमोदने सहज जमली असती, पण तिघींपैकी एकही सदस्य नव्हती.

मूळ नोंद श्लोकासह अद्याप फिरत आहे. ती आपल्याकडे आली नाही असे वाटत असेल, तर कृपया पुन्हा पाहावे. बहुधा आपण ती न वाचताच पुढे पाठवली आहे.