अबू सारीचं आठ सिलिंडरी स्वप्न

शुक्रवारची नमाज आणि दुपारचं जेवण यांच्या मधल्या वेळात मुफीदने फक्त बॉनेटखालची जागा मोजायची ठरवली. नुसती मोजायची, बसवायचं काही नाही. (लग्नाचा विचारही माणूस असाच सुरू करतो.)

गाडी होती दोन दारांची, लांब नाकाची, जुनी जपानी स्पोर्ट्स कार. अंगणातल्या डाळिंबाखाली ती इतकी वर्षं विटांवर उभी होती, की सल्ट गावातले लोक पत्ता सांगताना 'त्या गाडीच्या पुढचं घर' असं सांगत. रंग होता, खुर्च्या होत्या, स्टिअरिंग होतं. इंजिन तेवढं नव्हतं. ती एक गोष्ट सोडली तर गाडी चालू स्थितीत आहे, असं मुफीद मनापासून मानायचा. नगरपालिकेत दिवसभर पाण्याच्या तक्रारी ऐकून तो घरी यायचा आणि बूटही न काढता थेट तिच्यात जाऊन बसायचा. डोळे मिटले की वादी शुऐबचा घाट सुरू व्हायचा. वळणामागून वळण, कडेला कण्हेरी, खाली दूरवर मृत समुद्राचा चांदीसारखा पत्रा, आणि पोटात घुमणारा आठ सिलिंडरचा गंभीर आवाज. हा आवाज तो तोंडानेच काढायचा. त्याची बायको इंतिसार खिडकीतून चहाचा पेला आत द्यायची, तेव्हा तो आधी गिअर बदलायचा आणि मगच पेला घ्यायचा.

तर त्या शुक्रवारी टेप लावली आणि जागा कमी भरली. मग त्याने टेप जरा सैल धरली, आणि जागा बरोबर भरली. दुसऱ्याच दिवशी झर्का शहराच्या भंगारवाड्यात जाऊन, एका आडव्या झालेल्या अमेरिकन ट्रकचं भलंमोठं इंजिन त्याने पसंत केलं. येताना वार्तान उस्तादच्या गॅरेजवर थांबला. वार्तान हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि त्याच्या स्वप्नांचा शाळेपासूनचा शत्रू.

"आठ सिलिंडर?" वार्तान हात पुसत म्हणाला. "बसेल की. रेडिएटर बदलावा लागेल. गिअरबॉक्स बदलावा लागेल. मागचा ॲक्सल, पुढचे ब्रेक, सगळ्या स्प्रिंगा."

"मग जुनं काय उरेल?"

"तू." वार्तानने सिगरेट पेटवली. "माझं ऐक. माझ्याकडे एका टॅक्सीचं इंजिन पडलंय. चार सिलिंडर, गिअरबॉक्ससकट. मुकाट्याने बसतं, ब्रेकना झेपतं, आणि परवाना कचेरीतला साहेब चहा संपायच्या आत सही करतो."

"टॅक्सीचं?" मुफीदचा चेहरा असा झाला, की जणू अरबी घोड्याला गाढवाचं काळीज लावायला सांगितलंय. "उस्ताद, ही गाडी आहे. भाड्याची खुर्ची नाही."

घरी इंतिसारनेही तोच सूर लावला. (मुलाचं नाव सारी, म्हणून तो अबू सारी, म्हणजे सारीचा बाप, आणि ती उम्म सारी, सारीची आई.) "अबू सारी, टाका की टॅक्सीचं. चालेल तरी."

"उम्म सारी, चालणं वेगळं, धावणं वेगळं."

"आत्ता ती बसलीये," इंतिसार म्हणाली आणि गप्प झाली. मुफीदने त्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा लावला. (इतक्या वर्षांच्या संसारानंतरही माणूस असा अर्थ लावू शकतो, यातच त्याचा स्वभाव कळतो.)

गुरुवारी संध्याकाळी तो घरी आला, तर बैठकीच्या खोलीत आठ माणसं. अंगावर काळे पायघोळ झगे, डोक्यावर लाल चौकड्यांचे रुमाल, चेहरे गंभीर. त्यांतच एक इंतिसारचे थोरले काका अबू दिरार, ज्यांनी टोळ्याटोळ्यांतली खुनाची वैरं मिटवली होती. वेलदोड्याची कॉफी फिरली. काकांनी आपला पेला न पिता समोर ठेवला, आणि मग बाकीच्या सातांनीही ठेवला. म्हणजे शिष्टाई आली होती. मागणी मान्य होईपर्यंत ही माणसं कॉफीला ओठ लावणार नव्हती.

आपल्याकडे मागण्यासारखं आहे तरी काय, मुफीदला कळेना. कुणाच्या लग्नासाठी अंगण हवं असेल, असं म्हणून तो निवांत झाला. काकांनी सुरुवात केली. आधी अल्लाहची स्तुती, मग पैगंबरांवर सलाम, मग दोन्ही घराण्यांचे पूर्वज, एकेक करून. मुफीदची नजर हळूहळू भिंतींवर गेली. चार माणसं या भिंतीला, चार त्या भिंतीला, समोरासमोर, जरा तिरपी बसलेली. डावीकडचा पहिला खोकला. उजवीकडचा तिसरा खाकरला. डावीकडच्या चौथ्याने घसा साफ केला, लगेच उजवीकडचा दुसरा. काय सुरेख क्रम होता, अगदी आठ सिलिंडरचा! खोली नाहीशी झाली. कण्हेरी आल्या, वळणं आली, समुद्र चकाकला.

मग एकदम शांतता पसरली. आठ जण त्याच्याकडे पाहत होते आणि कॉफी निवत होती. शेवटच्या वळणावरूनच मुफीद उदारपणे म्हणाला, "कॉफी घ्या, काका. जे मागायला आलात, ते दिलं."

आठही पेले एकदम उचलले गेले.

"अल्लाह तुझं भलं करो," काकांनी मिशी पुसली. "मग टॅक्सीचंच इंजिन ठरलं. वार्तान शनिवारी येईल."

कॉफी पाहुण्यांच्या पोटात गेल्यावर शब्द मागे घेणारा माणूस सल्टमध्ये अजून जन्मायचा होता, आणि तो पहिला मान मुफीदला नको होता. पाहुण्यांना उंबऱ्यापर्यंत पोचवून तो स्वयंपाकघरात गेला.

"एका इंजिनासाठी माझ्यावर शिष्टाई, उम्म सारी?"

"इंजिनासाठी कोण कशाला बोलावेल?" इंतिसार पेले विसळत होती. "लग्न झालं तेव्हा म्हणाला होतात, हिच्यात बसवून समुद्रावर नेईन. आता सारी कॉलेजात आहे. मला त्या गाडीत बसायचंय, अबू सारी. गुडघे वाकतायत तोवर."

मुफीदला फार लाज वाटली. इतकी वर्षं तो रोज त्या घाटातून उतरत होता, आणि शेजारची खुर्ची रिकामी आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

वार्तानने इंजिन बसवलं. एका शुक्रवारी दोघं निघाले. मांडीवर ऑलिव्हचा डबा, झातरचा मसाला लावलेली रोटी, थर्मासमध्ये सेजच्या पानांचा चहा. घाट उतरताना गाडी वाऱ्यासारखी गेली. (उतारावर गाढवही वाऱ्यासारखं जातं, पण ते कुणी बोललं नाही.) मुफीद सवयीने तोंडाने आवाज काढत होता आणि इंतिसार मुद्दाम बाहेर बघत हसत होती. समुद्राकाठी दोघं चपला काढून बसले. तिच्याइतकं खूश त्याने कुणाला क्वचितच पाहिलं होतं.

परतीला गाडीने अख्खा घाट चढून काढला, उगाच खोटं कशाला बोला. टोमॅटोचे ट्रक मागे टाकून गेले, तरी चढली. पण घराआधीच्या शेवटच्या चढावर, जिथे खेचरंही थांबून विचार करतात, तिथे इंजिनाने मान टाकली. मुफीदने पहिला गिअर घातला, विनवण्या केल्या. गाडी जागची हलेना.

"एकाला उतरावं लागेल," तो म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग इंतिसारने पाहिलं ते त्याच्या पोटाकडे.

तो उतरला. रोजची घरातली छोटी गाडी तीच चालवायची. ती सरकून स्टिअरिंगवर आली. गाडीने सुस्कारा टाकला, लांब नाक उचललं आणि चढावर अशी सुटली, की पिवळ्या दगडी भिंतींतून आवाज घुमत वर वर गेला. मुफीद रस्त्याच्या मधोमध उभा राहून ऐकत राहिला. वळण, घुमणारा आवाज, संध्याकाळचं ऊन, सगळं स्वप्नात होतं तस्संच होतं. फक्त स्वप्नात तो पायी नव्हता.

वरच्या वळणावरून खिडकीतून एक हात बाहेर आला.

"अबू सारी," इंतिसार खाली ओरडली, "इंजिन अगदी पुरेसं आहे हो!"